जेलमध्ये सुईदोऱ्याचा वर्ग घ्यायचाय? मग हा क्रम पाळा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं, "आम्हाला महिला कारागृहात भरतकाम शिकवायचंय, काय काय सामान घेऊन जाऊ?" आणि इथंच गाडी चुकते. सामान फार पुढची गोष्ट आहे. आधी परवानगी, मग यादी, मग मोजणी, मग बायका कोण येणार ते, आणि डिझाइन तर पार शेवटी. बहुतेक लोक हे बरोब्बर उलटं करतात, आणि तिसऱ्या आठवड्यात वर्ग बंद पडला की "जेलवाले सहकार्य करत नाहीत" म्हणतात.

खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या महिला कारागृहात किंवा मोठ्या जेलच्या महिला विभागात, हाताने शिवायच्या कामासाठी आहे. वस्तू साधी: प्रत्येकीने कापडाचा एक चौकोनी तुकडा करायचा, नंतर असे तुकडे जोडून गोधडी. पुरुषांच्या बाजूला कागदकाम किंवा वारली घेणार असाल तरी क्रम हाच.

टप्पा १: हा वर्ग आहे की कारखाना, ते आधी ठरवा

येरवडा, नाशिकरोड अशा मध्यवर्ती कारागृहांत जेलचे स्वतःचे उद्योग चालतात. नाशिकरोडच्या बंद्यांनी केलेल्या गणपतीच्या मूर्ती विक्रीला येतात हे पेपरात वाचलं असेलच. तिथं माल एकसारखा लागतो, ऑर्डर वेळेत द्यावी लागते आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी मजुरी मिळते. ते काम आहे, आणि चांगलं काम आहे. तुमचा वर्ग वेगळा, इथं टाका वाकडा गेला तरी चालतो आणि दोन बायकांचे तुकडे एकसारखे आले तर उलट काळजी करायची. दोन्ही एकत्र कालवलं की ना धड माल मिळतो ना कुणाच्या मनातलं बाहेर येतं.

आता कोण येणार ते बघा. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या बायकांना कामाचे तास असतात आणि मजुरीही असते, त्यांना तुमच्या वर्गासाठी त्या वेळात उठवून आणलंत तर त्यांचे पैसे बुडतात आणि हे त्या तोंडावर बोलून दाखवणार नाहीत. उलट अंडरट्रायल म्हणजे न्यायाधीन बंदींना कामाची सक्ती नाही, दिवस रिकामा असतो. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या दर १०० बंद्यांमध्ये जवळपास ७६ अंडरट्रायल होते, त्यामुळे तुमच्या चटईवर बहुतेक त्याच बसणार.

आणि अंडरट्रायल म्हणजे पुढच्या आठवड्यात ती असेलच असं नाही. तारीख असते, व्हीसीवर म्हणजे व्हिडिओ कॉलवर सुनावणी असते, जामीन होतो, दुसऱ्या जेलला ट्रान्सफर होते. बाहेरच्या क्लाससारखा बारा आठवड्यांचा कोर्स, पहिले चार आठवडे फक्त टाके, मग रुमाल, मग कुशन कव्हर, असा आखलात तर निम्म्या बायकांच्या हातात कधीच काही पुरं होणार नाही. जेलमध्ये अर्धवट राहिलेल्या गोष्टी आधीच ढिगाने असतात, त्यात तुमची भर नको. म्हणून या वर्गाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम: एका बैठकीत एक तुकडा पुरा. पुढचं सगळं सामान, वेळ, डिझाइन या एका नियमावरून ठरतं.

तपासा: आजच आलेली आणि उद्या सुटणारी बाई तुमच्या वर्गात बसली तर जाताना तिच्या हातून एक पुरी झालेली वस्तू होईल का? नसेल तर आखणी परत करा.

टप्पा २: अर्ज आणि यादी

अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावाने करायचा. नियमित वर्ग असेल तर तो वर, पुण्याच्या कारागृह मुख्यालयापर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे "पुढच्या सोमवारपासून सुरू करू" असं कुणाला कबूल करू नका. संस्था असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर, आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी सोबत. दोन प्रती काढा आणि एकीवर आवकचा शिक्का मारून घेऊन स्वतःकडे ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी साहेब बदलले की पहिल्यापासून सुरुवात.

अर्जात उद्देशाच्या ओळी कमी आणि सामानाची यादी मोठी हवी. लोक नेमकं उलटं लिहितात, दीड पान पुनर्वसन आणि शेवटी "भरतकामाचे साहित्य". गेटवरच्या शिपाईबाईंना या दोन शब्दांचं काय करायचं ते कळत नाही आणि त्यांची चूकही नसते, काही झालं तर नोकरी त्यांची जाते. यादी अशी हवी: बोथट टोकाच्या सुया, १५ नग, लांबी इतकी. मॅटीचे म्हणजे जाळीदार कापडाचे चौकोन, ८ इंच बाय ८ इंच, ३० नग. दोऱ्याचे तुकडे, लांबी १८ इंच. लोहचुंबक, १ नग. असंच बाकीच्या प्रत्येक वस्तूचं. जे यादीत नाही ते पर्समध्येही नाही.

गेटवर झडती होणार, मोबाइल बाहेर ठेवावा लागणार, च्युइंगगम आणि तंबाखूही बाहेर. याचा राग मानू नका आणि ओळख वाढली म्हणून सूटही मागू नका.

थांबा: शिकवायला गेलेल्या माणसाला कधीतरी कुणीतरी हळूच म्हणतंच, "ताई, एवढी चिठ्ठी घरी द्या ना", "एक नंबर लावून बघा ना." नाही म्हणायचं, पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगून टाकायचं की हे माझ्याकडून होणार नाही, वेल्फेअरच्या मॅडमना (जेलच्या कल्याण अधिकारी) सांगा. एकीची चिठ्ठी नेलीत की वर्ग संपला समजा, सगळ्यांसाठी.

टप्पा ३: सामानाची तयारी घरी, सगळी घरी

इथं घाई करू नका. आतला सव्वा तास घरच्या तयारीवर चालतो.

कापड: जुन्या सुती साड्या, धुवून इस्त्री केलेल्या. सुती जुनं कापड मऊ झालेलं असतं, सुई सहज जाते. सिंथेटिक सटकतं आणि नवख्या हाताला वैताग आणतं. वरचा, मधला, खालचा असे तीन थर एकावर एक ठेवून ८ इंचाचे चौकोन कापा आणि घरूनच कडेने कच्चा टाका घालून आणा, म्हणजे आत टाचण्या आणि सेफ्टी पिना लागतच नाहीत. कडेचा अर्धा अर्धा इंच जोडणीत जाणार, म्हणजे हातात ७ इंच उरले.

नाडी, लेस, इलॅस्टिक, कापडाच्या लांब पट्ट्या यातलं काहीही आत नेऊ नका. कारण उघड आहे, गळफास. "इतकीशी तर लेस आहे" हा वाद गेटवर घालायचा नाही.

दोरा: रीळ आणि लडी बाहेरच. १८ इंचाचे म्हणजे हातभर तुकडे कापून आणा. यात सुरक्षा आहेच, पण शिकणाऱ्यालाही हेच सोयीचं, लांब दोऱ्याचा गुंता होतो आणि मग अर्धा वर्ग गुंता सोडवण्यात जातो. एका चौकोनाला साधारण सहा-सात तुकडे लागतात. पुठ्ठ्याला भोकं पाडून रंगाप्रमाणे अडकवून ठेवा.

कात्री: दोरा आधीच कापलेला असला की कात्रीचं काम फक्त शेवटची गाठ तोडण्यापुरतं उरतं. शाळेची बोथट टोकाची एकच कात्री, ती तुमच्यासमोर, बायका उठून तुमच्याकडे येतील. दाताने दोरा तोडणाऱ्या अर्ध्याअधिक असतातच.

सुया: पहिल्या दोन-तीन वर्गांना मॅटी घ्या, शाळेत क्रॉस स्टिचला वापरायचो ते जाळीदार कापड, त्यात बोथट सुई चालते. जेलचा तुमच्यावर विश्वास बसला की मग सुती थरांसाठी टोकदार, मोठ्या नेढ्याची सुई मागा. (मॅटीच्या दिवसांत चौकोन मॅटीचाच, एका थराचा, कडा दुमडून टीप मारलेला, नाहीतर धागे सुटतात.)

आता सुयांचा फळा, हा स्वतः बनवायचा. जाड पुठ्ठा, त्यावर फ्लॅनेलचा तुकडा चिकटवलेला आणि खाली मार्करने १ ते १५ आकडे. प्रत्येक सुई आपल्या आकड्यावर टोचलेली. वर्ग सुरू होताना शिपाईबाईंना फळा दाखवायचा, त्यांनी मोजायचा, वहीत सही. सुई देताना तिचा आकडा त्या बाईच्या नावापुढे. परत घेताना त्याच क्रमाने. सुई मोडली तर दोन्ही तुकडे परत आले पाहिजेत, ते सेलोटेपने त्याच आकड्यावर चिकटवायचे. पंधरा भरल्याशिवाय कुणी चटईवरून उठत नाही, तुम्हीसुद्धा.

सुई हरवली तर: सगळ्या बसल्या जागीच राहतील, लोहचुंबक चटईवर आणि फरशीच्या फटीत फिरवा, आणि त्याच वेळी शिपाईबाईंना सांगा. "मिळेल थोड्या वेळात" म्हणून दडवू नका. बायकांची झडती तुम्ही घ्यायची नाही, ते स्टाफचं काम. आणि कुणावर संशय बोलून दाखवायचा नाही, कारण तुम्ही तासाभरात घरी जाता, ती त्याच बरॅकमध्ये राहते.

ब्रिटनमध्ये फाइन सेल वर्क नावाची संस्था १९९७ पासून कैद्यांना भरतकाम शिकवते, तिथले लोक कोठडीत एकटे बसून तासन्‌तास काम करतात आणि त्याचे पैसेही मिळतात. हे वाचून काहीजण इथं "बायकांना सामान बरॅकमध्येच ठेवू द्या" अशी मागणी करतात. आपल्याकडे एका बरॅकमध्ये किती बायका झोपतात ते एकदा बघा, सुई तिथं कुणाच्या नावावर ठेवणार? सामान वर्गाबरोबर आत, वर्गाबरोबर बाहेर.

सुईला परवानगी मिळालीच नाही तर रुसू नका, कागदावर या. फेविबॉन्डसारखी सोल्युशनं, थिनर, व्हाइटनर अजिबात नाही, नशेसाठी हुंगले जातात. मैद्याची खळ करा. पण बाइंडिंगवाले खळीत मोरचूद टाकतात ते टाकू नका, विषारी असतं. साधी खळ, त्या दिवशीची त्या दिवशी संपवायची.

थांबा: महिला विभागात आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुलं असतात. वर्गात ती मांडीवर येऊन बसणारच. म्हणून मणी, बटणं, टिकल्या नकोत, सजावट कितीही सुंदर होत असली तरी. मुलांसाठी वेगळे चिंध्यांचे गठ्ठे आणि खडू ठेवा आणि त्यांच्याकडे बघायला दुसरी शिक्षिका हवी, एकटीने जाऊ नका.

टप्पा ४: नावांची यादी कोण करतंय ते बघा

तुम्ही "पंधरा जणी पाठवा" म्हटलंत की बरॅकमध्ये ज्यांचं चालतं त्यांची आणि त्यांच्या मर्जीतल्यांची नावं येतात. ज्यांना मुलाकातीला कुणी येत नाही, ज्यांना मराठी-हिंदी येत नाही, ज्या कोपऱ्यात पडून असतात, त्या या यादीत नसतात. म्हणून वेल्फेअरच्या मॅडमना किंवा जेलच्या शिक्षिकेला स्पष्ट सांगा: निम्म्या जागा अशांसाठी. बाकी निम्म्या हौशी बायकांना, त्याही हव्यात, वर्ग त्याच चालवतात.

भाषेची भीती बाळगू नका. तेलुगू, बंगाली, एखादी परदेशी, सगळ्या असतात. टाका बोलून शिकवायचाच नसतो, तुम्ही तिच्या समोर न बसता शेजारी बसा, म्हणजे तुमचा हात आणि तिचा हात एकाच दिशेने दिसतो. समोर बसून दाखवलं की उजव्याचं डावं होतं आणि ती गप्प मान हलवत राहते.

आणि डोळे. "मला नाही येत, मला नाही आवडत" म्हणणाऱ्या चाळिशीपुढच्या बाईला बऱ्याचदा नेढंच दिसत नसतं. अटकेच्या गडबडीत चष्मा राहिला, किंवा कधी नव्हताच. चिडवल्यासारखं न करता सगळ्यांसाठीच दोरा ओवायचं काम एका तरुण मुलीकडे द्या आणि जेलच्या डॉक्टरांकडे चष्म्याचं नाव घालायला स्टाफला सांगा. एक मावशी अशाच वर्गात भिंतीला टेकून नुसत्या बघायच्या, दोरा ओवलेली सुई हातात दिल्यावर त्यांनी जो धावदोरा घातला तो बघून शिकवणारीच्या लक्षात आलं की बाईने गावी डझनाने गोधड्या शिवल्या असणार. पुढच्या वेळेपासून कोपरे वळवायला सगळ्या त्यांच्याकडे.

टप्पा ५: वर्गाचा सव्वा तास

कागदावर दोन तास मिळतात. झडती, मोजणी, बायका गोळा होणं, मधेच कुणाची मुलाकात, हे जाऊन सव्वा तास हातात राहतो असं धरून चाला. दुपारी बरॅक बंद व्हायची वेळ पक्की विचारून घ्या, ती तुमच्यासाठी पुढे सरकत नाही.

१. पहिली दहा मिनिटं सुयावाटप, नावं, आकडे. नावाने हाक मारा, ताई-मावशी म्हणा. "कुठल्या केसमध्ये?" हा प्रश्न कधीच नाही, चहापाण्याच्या गप्पांतही नाही. केस कोर्टात चालू असते, तिचं बोलणं तुमच्या कानावर पडून तिचं भलं होत नाही.

२. पुढची वीस मिनिटं कडेचे दोन फेरे धावदोऱ्याचे. नखाने घडी मारून रेष पाडायची, पेन्सिलही लागत नाही. एका फेऱ्याला जमेल त्या लांबीचे टाके घालू द्या, दुसऱ्या फेऱ्याला म्हणा की आता निम्म्या लांबीचे घाला. सुधारणा आपोआप दिसते, तुम्हाला बोलावं लागत नाही.

३. मग अर्धा तास मधला आकार. याबद्दल पुढच्या टप्प्यात.

४. शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा म्हणजे ठेवाच. गाठी, सुया परत, फळा भरणं, सही. तुकडे चटईवर मांडून सगळ्यांनी एकदा बघणं. कुणाचा आकार अर्धा राहिला असेल तर जिथं आहे तिथं गाठ मारायची, अर्धं फूलही फूलच असतं. "मी घरी नेऊन पुरं करते आणि पुढच्या वेळी आणते" असं तुम्ही करू नका.

चूक जी फार होते: तिचे वाकडे टाके उसवून तुम्ही सरळ घालून देणं. हेतू चांगला असतो. पण बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने काहीतरी घातलं आणि ते मॅडमने उसवलं, एवढंच तिच्या लक्षात राहतं.

टप्पा ६: मधला आकार

पहिल्या दिवशी सगळ्या म्हणतात, "मॅडम, डिझाइन द्या." छापील डिझाइन दिलंत की काम सोपं होतं आणि वर्गाचा अर्थ जातो. काहीच दिलं नाही तर बाई घाबरून कोरा कपडा घेऊन बसते. मधला रस्ता म्हणजे अट घालणं. आज फक्त दोन रंग. आज फक्त सरळ रेघा. आज चिंधीचा एकच तुकडा, कापायचा नाही, फक्त कुठं ठेवायचा ते ठरवा. अट छोटी असली की हात चालतो.

गुलाब, मोर, गणपती, ओम, मुलाचं नाव हे येणारच, येऊ द्या. दुसऱ्यांदा तोच मोर आला तर म्हणा, यातली एक गोष्ट बदला, फक्त एक. तिथून पुढं जे निघतं ते बघण्यासारखं असतं.

"आपलं घर काढा", "आईसाठी काहीतरी काढा" असे विषय सुरुवातीला नकोत. बाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हाच विषय सुचतो, आणि ज्या बाईची मुलं नातेवाइकांकडे की संस्थेत हेही तिला धड माहीत नाही तिला तुम्ही पंधरा जणींसमोर ते काढायला लावता. घर यायचं असेल तेव्हा स्वतःहून येईल, न विचारता, बरेचदा दार किंवा चूल एवढंच.

रडू आलं तर सगळ्यांनी तिच्याभोवती जमायचं नाही. सुई अलगद काढून घ्या, दोऱ्याचा पुठ्ठा हातात द्या, रंग वेगळे करायला, आणि वर्ग चालू ठेवा. नंतर समुपदेशक असतील तर त्यांच्या कानावर घाला. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल कुणी बोललं तर ते गुपित नाही, त्याच दिवशी स्टाफला सांगायचं, आणि "असं काही असेल तर मी सांगणार" हे पहिल्या वर्गातच सगळ्यांना माहीत हवं.

टप्पा ७: तुकडा कुणाचा?

हे पहिल्या तुकड्याच्या आधी ठरवून, शक्यतो लेखी घ्या. मागाहून ठरवायला गेलात की प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी भांडणं. मार्ग तीनच असतात.

एक, सामाईक गोधडी. ७ इंचाचे २५ तुकडे, पाच ओळी पाच रांगा, म्हणजे ३५ इंचाची चौरस गोधडी, तान्ह्या बाळाच्या मापाची. ती आतल्याच बाळंतिणीला द्यायची असं ठरवलं तर बायका ज्या मायेने शिवतात ते विचारू नका. जोडणी मशीनवर, बाहेर किंवा जेलच्या शिवण विभागात.

दोन, घरी. मुलाकातीला आलेल्या मुलाला तुकडा द्यायचा असेल तर परवानगी लागते, ती तुम्ही आधी काढून ठेवा, बाईला मागायला लावू नका.

तीन, विक्री. जेलच्या विक्री केंद्रातून किंवा दिवाळीच्या मेळ्यातून, आणि पैसे जेलच्या ऑफिसमार्फत तिच्या खात्यावर. हातात रोख कधीच नाही, शंभर रुपयेसुद्धा नाही. साहेबांशी बोलून हिशेब कागदावर आणा आणि बायकांना वाचून दाखवा.

प्रदर्शनात नाव लावायचं का, ते एकेकीला वेगळं विचारा. शिक्षा झालेली एखादी हो म्हणेल, अंडरट्रायल बाईचं नाव शक्यतो नकोच, पेपरात फोटो आला की सासरी काय होतं ते तुमच्या आमच्यावर येत नाही. फोटो फक्त कामाचे, चेहऱ्याचे नाहीत, आणि तेही परवानगी असेल तर.

तपासा: तुमच्या सर्टिफिकेटवर "कारागृह" हा शब्द आहे का? काढा. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं नाव, कामाचं नाव, तारीख एवढं पुरे. ज्या कागदाने नोकरी मिळायची त्याच कागदाने दार बंद व्हायला नको.

सुटायला आलेल्या बायकांसाठी शेवटचे एक-दोन वर्ग वेगळे घ्या आणि त्यात टाके नकोत, हिशेब घ्या. कटपीस किलोवर कुठं मिळतो, एका गोधडीला किती तास जातात, दोरा किती लागतो, मग किंमत किती सांगायची, गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा कुठं थांबायचं. "बाहेर आल्यावर आम्ही काम देऊ" असं बोलू नका, हातात ऑर्डर असल्याशिवाय तर नाहीच. स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही, संस्थेच्या ऑफिसचा पत्ता आणि वेळ एका कार्डावर छापून तो वेल्फेअरच्या मॅडमकडे ठेवा, सुटताना तिच्या सामानाबरोबर दिला जाईल. ऑफिस शनिवारी बंद असतं की चालू तेही कार्डावर लिहा, कारण लांबच्या गावाहून भाडं खर्चून आलेली बाई कुलूप बघून परत गेली तर पुन्हा येत नाही.